लेखकास काय विचारावे?

लेखक म्हणजे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील एक नाव, एवढीच आपल्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी ओळख असते. पाठाच्या आरंभी चौकटीत त्याचा परिचय छापलेला असतो: जन्माचे वर्ष, मृत्यूचे वर्ष, ग्रंथांची यादी. परीक्षेपूर्वी ती यादी पाठ करावयाची आणि परीक्षेनंतर विसरून जावयाची. जो माणूस आपल्याशी बोलावयास म्हणून आलेला असतो, तो अशा रीतीने दारातूनच परत जातो.

म्हणूनच शाळेत एखादा चालताबोलता लेखक येणार असे कळले, की मुले हरखून जातात. ते स्वाभाविकही आहे. परंतु तो आल्यावर काय घडते? स्वागतगीत होते, शाल आणि श्रीफळ दिले जाते, मुख्याध्यापकांचे प्रास्ताविक होते (ते बहुधा पाहुण्यांच्या भाषणाहून लांब असते), मग पाहुणे चार उपदेशाचे शब्द बोलतात आणि शेवटी पन्नास-साठ मुले वह्या पुढे करून त्यांच्याभोवती गर्दी करतात. पाहुणे घाईघाईने स्वाक्षऱ्या करतात आणि मोटारीत बसतात. त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाविषयी एक अक्षरही कोणी विचारलेले नसते.

विद्यार्थिमित्रांनो, समारंभ होऊ नयेत असे मी म्हणत नाही. परंतु स्वाक्षरी म्हणजे भेट नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वाक्षरी मागण्यासाठी पुस्तक वाचावे लागत नाही, विचार करावा लागत नाही. वही आणि कोपरे एवढी दोनच साधने पुरतात. लेखकाशी खरा संबंध जुळावयाचा असेल, तर त्यासाठी आपल्या पदरचे काहीतरी खर्ची घालावे लागते. ते काय, हे एका थोर माणसाने मोठ्या युक्तीने दाखवून दिले आहे.

डॉ. जयंत नारळीकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे त्यांचा जन्म झाला आणि २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. ते जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ तर होतेच. पण मराठीत उत्तम विज्ञानकथा लिहिणारे लेखकही होते. त्यांचे व्याख्यान संपले, की मुले स्वाक्षरीसाठी त्यांना गराडा घालीत. नारळीकर मुलांना सहसा तशी स्वाक्षरी देत नसत. ते सांगत, की तुमच्या मनात विज्ञानाविषयी जो प्रश्न असेल, तो एका पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा. मी उत्तर पाठवीन आणि त्या उत्तराखाली माझी स्वाक्षरी असेल. मुले कार्डे पाठवीत आणि त्यांना उत्तरे येत.

या युक्तीतील मर्म नीट पाहा. नारळीकरांनी स्वाक्षरी नाकारली नाही. तिचे मोल तेवढे बदलले. आता ती मिळविण्यासाठी घरी जाऊन शांत बसावयाचे, आपल्याला खरोखर काय कळलेले नाही ते शोधून काढावयाचे, ते पोस्टकार्डाच्या एवढ्याशा जागेत मावेल अशा नेमक्या शब्दांत मांडावयाचे, पत्ता लिहावयाचा आणि मग टपालवाल्याची वाट पाहत राहावयाचे. नेमका प्रश्न लिहिणे हे निबंध लिहिण्याहून अवघड काम आहे. चार पाने लिहिणारा मुलगाही एका ओळीच्या प्रश्नापाशी अडतो, हा कोणाही शिक्षकाचा अनुभव आहे. ज्याने असा एक प्रश्न स्वतःच्या मनातून काढून कागदावर उतरविला, त्याचे निम्मे शिक्षण उत्तर येण्यापूर्वीच झालेले असते.

आपल्या नाशिककरांना या प्रसंगाशी जवळीक वाटावी अशी दोन कारणे आहेत. एक तर डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. नारळीकरच होते, प्रकृतीमुळे मात्र ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. दुसरे कारण टपालाचे आहे. आपल्या देशातील टपालाची तिकिटे पूर्वी इंग्लंडातून छापून येत. नाशिकरोडला सरकारी मुद्रणालय सुरू झाले आणि १९२६ पासून ती येथे छापली जाऊ लागली. देशाच्या कानाकोपऱ्यांतील किती पत्रांनी आपल्या गावच्या तिकिटावर प्रवास केला असेल, याचा हिशेब कोण करील!

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कथा-कवितांच्या लेखकास काय विचारावे? मुलांनी लेखकांना लिहिलेल्या पत्रांत काही ठरावीक प्रश्न फार आढळतात. 'आपणांस लिहिण्याची प्रेरणा कोठून मिळाली?', 'आपला आवडता लेखक कोणता?', 'लेखक होण्यासाठी काय करावे?' हे प्रश्न वाईट नाहीत. पण ते कोणत्याही लेखकास विचारता येतात, आणि जे कोणासही विचारता येते ते विचारण्यासाठी याच लेखकाचे दार ठोठावण्याचे कारण नाही. त्याचे पुस्तक न वाचताही हे प्रश्न सुचू शकतात, आणि ते वाचणाऱ्या लेखकाच्या हे तत्काळ ध्यानात येते.

खरा प्रश्न पुस्तकाच्या पोटातून निघतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. हा बनेश फेणे शिकावयास पुण्यास येतो, पण मूळचा फुरसुंगीचा आहे. लेखकाने त्याला अस्सल पुणेकरच का केले नाही? गावाकडून शहरात आलेल्या मुलाच्या डोळ्यांना जे दिसते, ते शहरात वाढलेल्या मुलास दिसले नसते काय? त्याच्या तोंडी तो 'ट्टॉक्' आवाज का दिला असेल? भागवत २००१ मध्ये वारले, तेव्हा उत्तर विचारावयास ते आता नाहीत. तरी हे प्रश्न मनात धरून ते पुस्तक पुन्हा उघडून पाहा. पहिल्या वाचनात केवळ गोष्टीमागे धावलेले तुमचे मन आता ती गोष्ट कशी रचली आहे, हे पाहू लागेल. सुताराच्या हाताखाली शिकणारा पोरगा प्रथम खुर्चीवर बसतो आणि मग ती उलटी करून तिचे सांधे पाहतो. तसेच हे आहे.

सांधे पाहण्याची दृष्टी आलेल्या मुलास लेखकही मनापासून उत्तर देतो. सी. एस. लुइस या ब्रिटिश लेखकाने १९५० ते १९५६ या काळात नार्निया नावाच्या कल्पित देशाच्या सात गोष्टी प्रसिद्ध केल्या. त्यांना देशोदेशींच्या मुलांची पत्रे येत आणि ते स्वतः उत्तरे लिहीत. १९५६ साली एका अमेरिकन मुलीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी लेखनाविषयी काही अगदी व्यवहारी सूचना केल्या आहेत. एखादी गोष्ट भयंकर होती किंवा आनंददायक होती असे नुसते सांगू नये; तिचे वर्णन असे करावे की वाचणाऱ्याच्या मनात ते भय किंवा तो आनंद आपोआप उत्पन्न व्हावा, अशा आशयाची एक सूचना त्यात आहे. तुमच्या वह्यांतील 'सहलीत खूप खूप मजा आली' हे वाक्य आठवा आणि ही सूचना त्याला लावून पाहा. मजा आली हे कळते, परंतु कोणती, ते कळत नाही. लुइस यांनी त्या मुलीला प्रोत्साहनाचे गोड शब्द लिहून वाटेला लावले असते तरी चालले असते. त्यांनी तसे केले नाही. एक कारागीर दुसऱ्या कारागिराशी बोलतो तसे ते तिच्याशी बोलले. मुलांचा याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही.

मुलांशी असे बोलणारा लेखक आपल्याकडेही होऊन गेला, आणि त्याच्या सर्वांत प्रसिद्ध पुस्तकाचे जन्मस्थान आपले नाशिक आहे. साने गुरुजी, म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, यांनी 'श्यामची आई' हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले. स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतल्याबद्दल ते तेथे कारावास भोगीत होते. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी लेखनास प्रारंभ केला आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते संपविले. दिवसा तुरुंगातील काम होते; लिहावयाचे ते रात्री आणि पहाटे. एवढे पुस्तक अवघ्या पाच दिवसांत झाले, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल, आणि 'गुरुजींनी हे कसे केले?' हा प्रश्न मनात आल्यावाचून राहणार नाही.

गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांना आता पत्र पाठविता येत नाही. पण उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे. १९२४ ते १९३० या काळात ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. त्या छात्रालयातील मुलांसाठी ते एक हस्तलिखित दैनिक काढीत. नाव साधेच होते, 'छात्रालय दैनिक'. दैनिक म्हणजे रोजचे! शाळेतील शिकविणे, मुलांची देखभाल, आजाऱ्याची शुश्रूषा हे सारे सांभाळून हा शिक्षक मुले वाचतील म्हणून रोज स्वहस्ते मजकूर लिहीत असे. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही सुरू केले. ज्या लेखणीने समोर बसलेल्या मुलांसाठी वर्षानुवर्षे रोज लिहिले, ती तुरुंगातील त्या रात्री न अडखळता चालली. पाच दिवस हे केवळ कागदावर उतरविण्याचे दिवस होते.

या हकिकतीत आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपण समजतो की लेखक देतो आणि मुले घेतात. अमळनेरात तसे नव्हते. गुरुजी मुलांना दैनिक देत होते आणि मुले त्यांना वाचक देत होती. रोज सकाळी आपले लेखन कोणी आवडीने वाचते, कोणी अर्धवट टाकते, कोठे मुले हसतात, कोठे गप्प होतात, हे डोळ्यांनी पाहावयास मिळणे हे लेखकाला केवढे शिक्षण आहे! 'श्यामची आई' हे पुस्तकही पाहा. त्यात श्याम आपल्या आश्रमातील मित्रांना रात्री प्रार्थनेनंतर गोष्टी सांगतो, आणि म्हणून त्यातील प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे. पुस्तकातही ऐकणारे समोर बसलेले आहेत. आपली पुतणी सुधा हिला गुरुजींनी लिहिलेली पत्रे 'सुंदर पत्रे' या नावाने प्रसिद्ध आहेत, तेथेही तेच. कोणीतरी लहान माणूस पुढ्यात असल्याखेरीज त्यांची लेखणी जणू रमतच नसे.

गुरुजींना विचारावा असा एक प्रश्न मी तुमच्यासाठी ठेवून देतो. आपल्याच बालपणीच्या आठवणी सांगताना त्यांनी 'मी पांडुरंग' असे न म्हणता 'श्याम' हे नाव का घेतले? पोहावयाच्या भीतीने लपून बसलेला श्याम आठवा, आणि मग याचे उत्तर शोधा.

येथे शिक्षकबंधूंशीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण हे पुस्तक तेही उघडणारच आहेत. शाळेतून लेखकास पत्रे पाठवावयाची ठरली, की वर्गात फळ्यावर एक नमुनापत्र लिहिले जाते आणि चाळीस मुले ते उतरवून घेतात. लेखकाच्या हाती एकाच दिवशी एकाच मजकुराची चाळीस पत्रे पडतात. अक्षर तेवढे निरनिराळे. 'आपले पुस्तक वाचून आम्ही भारावून गेलो' असे चाळीस जण एकाच शब्दांत भारावून गेलेले पाहून त्या बिचाऱ्याने काय समजावे? शिक्षकांनी पत्त्याची मांडणी शिकवावी, शुद्धलेखन तपासावे. मी मराठीचा शिक्षक आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत सूट द्या असे मी कधीच म्हणणार नाही. पण मुलाच्या म्हणण्यास हात लावू नये. 'तुमच्या गोष्टीचा शेवट मला आवडला नाही' असे एखाद्याने लिहिले असेल, तर तेच पत्र सर्वांआधी पेटीत टाकावे. मात्र 'का आवडला नाही' हे त्याच्याकडून लिहवून घ्यावे. कारण दिल्यावाचून केलेली निंदा आणि कारण दिल्यावाचून केलेली स्तुती या दोहोंचे वजन सारखेच.

काही मुले प्रश्नाबरोबर स्वतःची कविता किंवा गोष्टही पाठवितात. अवश्य पाठवावी. पण कशासाठी पाठवितो, हे मनाशी आधी ठरवावे. 'छान आहे, असेच लिहीत राहा' एवढे ऐकावयाचे असेल, तर ते घरची मंडळी अधिक प्रेमाने सांगतील. दोष ऐकण्याची तयारी असेल, तरच अनोळखी माणसापुढे कागद ठेवावा. या बाबतीत पुन्हा नारळीकरांचेच उदाहरण घेण्याजोगे आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकरांचे नाव तेव्हा सर्वत्र गाजलेले होते. त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा लिहिली, पण ती आपल्या नावाने पाठविली नाही. आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेऊन 'नारायण विनायक जगताप' असे नाव त्यांनी धारण केले, आणि हस्ताक्षर कोणी ओळखू नये म्हणून कथा आपल्या पत्नी मंगलाताई यांच्याकडून लिहवून घेतली. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या नावाला नव्हे, तर कथेला लोक काय म्हणतात, हे त्यांना पाहावयाचे होते. एवढ्या मोठ्या माणसास जे धैर्य दाखवावेसे वाटले, ते तुम्हांस तर फारच सोपे आहे. तुमच्या नावाने अजून कोणी दबून जात नाही!

मुलांचे लेखन छापले जाण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये मुलांसाठी 'बालबोध' मासिक काढले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' सुरू केले. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघत आहे. यांपैकी प्रत्येकाची हकिकत सांगत बसलो तर जागा पुरणार नाही. पण नाशिकची एक सांगतो. येथील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, म्हणजे आजच्या रुंग्ठा हायस्कुलात, शिकलेल्या शिरवाडकर नावाच्या एका मुलाचे आरंभीचे लेखन 'बालबोधमेवा' या मासिकात प्रसिद्ध होत असे. त्याचे संपादक होते देवदत्त नारायण टिळक, म्हणजे रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे पुत्र. एका मोठ्या माणसाने एका कोवळ्या मुलाचा कागद हाती घेतला, वाचला आणि छापण्याजोगा मानला, एवढीच ही घटना. तो मुलगा पुढे कुसुमाग्रज या नावाने महाराष्ट्रास ज्ञात झाला आणि १९८७ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचा मानकरी ठरला. देवदत्तांनी छापले नसते तर कुसुमाग्रज झालेच नसते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु आपण लिहिलेले कोणी परके माणूस गंभीरपणे वाचते, हे त्या वयात कळणे आणि न कळणे यांत मोठे अंतर आहे.

लेखकांना वेळ नसतो, मुलांच्या पत्रांनी त्यांना त्रास होतो, असे काही जण म्हणतात. यात तथ्य नाही असे नाही. पण त्रास होतो तो बहुधा नुसत्या पोकळ पत्रांचा. पुस्तक नीट वाचून लिहिलेला प्रश्न ज्या लेखकास त्रासदायक वाटेल, त्याने मुलांसाठी लिहावेच कशाला? दुसरे काही जण म्हणतात, की आता पोस्टकार्डाचे दिवस गेले. फोनवरून निरोप क्षणात जातो. जावो. कागदावर लिहा की यंत्रावर लिहा, माझा आग्रह कागदाचा नाही. आग्रह एवढाच, की लिहिल्यावर एक रात्र ते तसेच ठेवावे आणि सकाळी पुन्हा वाचून मग धाडावे. सकाळी बहुधा दोन वाक्ये गळतात आणि प्रश्न अधिक स्वच्छ होतो.

उत्तर न आले तर? तेही घडेल. लेखक प्रवासात असेल, आजारी असेल, पत्र गहाळ झाले असेल. महिनाभर वाट पाहावी, आणि तोवर त्याचेच दुसरे पुस्तक ग्रंथालयातून आणून वाचावे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून याच कामासाठी आहे. पुष्कळदा पहिल्या पुस्तकाने उभा केलेला प्रश्न दुसरे पुस्तक सोडविते. मग त्या लेखकास दुसरे पत्र लिहावे आणि आपल्याला उत्तर सापडल्याचे कळवावे.

लेखकाचा घरचा पत्ता कोणाकडे मागू नये; ते बरे दिसत नाही. पुस्तकाचे मुखपृष्ठ उलटले, की आतील पानावर प्रकाशकाचे नाव आणि पत्ता बारीक अक्षरांत छापलेला असतो. पाकिटावर वर लेखकाचे नाव लिहावे, खाली 'द्वारा' म्हणून प्रकाशकाचे, आणि डाव्या बाजूस आपले नाव, इयत्ता व शाळेचा पूर्ण पत्ता पिनकोडसह लिहावा. हा शेवटचा भाग बरीच मुले विसरतात, आणि मग उत्तर लिहून तयार असले तरी ते पाठवावयाचे कोठे, हा प्रश्न लेखकापुढे पडतो.